हातातल्या रेडिओ स्कॅनरला कोणता अँटेना बसेल हे कनेक्टरवरून कसं ओळखायचं?

स्कॅनर, म्हणजे विमानांचं वगैरे बोलणं नुसतं ऐकायचा तुमचा रेडिओ, बिघडलेला नाही, आधी तो पुन्हा खोक्यात भरू नका. तुम्ही लिहिलंय की जुन्या राउटरचा अँटेना स्कॅनरवर फिरवला, आटे बरोबर बसले, घट्टही झाला, आणि तरी नुसती खरखर. हे वाचून मी हातातलं ताट बाजूला ठेवून लिहायला बसलोय. नेमक्या याच भानगडीमुळे 2016 पासून सासरच्या मंडळींत माझी ओळख 'आई विमानतळावर ताटकळली आणि हा घरी झोपला' अशी आहे. मी झोपलो नव्हतो.

पण आधी तुमचं काम. अँटेना काढा आणि स्कॅनरचं सॉकेट उजेडात धरा. सॉकेटला बाजूला दोन बारीक कान असतील आणि अँटेना दाबून पाव फेरा फिरवला की अडकत असेल, तर ते बीएनसी. भारतात बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवायचो ना, तोच प्रकार. (इथे अमेरिकेत बल्बसुद्धा आट्यांचे, त्यामुळे बीएनसी लावताना मला उगाच घरची आठवण येते.) यूनिडेन कंपनीचा बीसी125एटी हा स्कॅनर या जातीचा. कान नसतील, बारीक आटे असतील आणि जाडी सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास असेल तर एसएमए. आयकॉमचा आर6, यूनिडेनचा एसडीएस100 हे त्यातले. अंगठ्याएवढं जाड, आट्यांचं सॉकेट असलं तर त्यात पीएल-259 बसतो, पण ते गाडीतल्या आणि टेबलावरच्या सेटना असतं, तुमच्या हातातल्याला नसणार.

घोळ होतो तो एसएमएमध्ये. तिथे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: आटे बाहेरून की आतून, आणि मध्ये पिन की भोक. स्कॅनरवर आटे बाहेरून आणि मध्ये भोक असतं. म्हणजे अँटेनाला आटे आतून हवेत आणि मध्ये पिन हवी. बाओफेंगच्या यूव्ही-5आर या वॉकीटॉकीचं बरोबर उलटं आहे, पिन सेटमध्येच असते, म्हणून त्याचा अँटेना स्कॅनरवर चढतच नाही. निदान तो प्रामाणिकपणे नाही तरी म्हणतो. राउटरचा अँटेना मात्र दगाबाज. आटे आतून, म्हणजे चढतो झकास, पण मध्ये पिनेच्या जागी भोक! याला आरपी-एसएमए म्हणतात. विनापरवाना चालणाऱ्या उपकरणांना लोकांनी बाजारातला वाटेल तो अँटेना लावू नये म्हणून अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे रेडिओ-फोनचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, त्यांना वेगळ्या धाटणीचे कनेक्टर सक्तीचे केले, त्यातून हे उलटं पिल्लू निघालं. स्कॅनरवर तो लावला की भोकासमोर भोक. बाहेरचं कवच कवचाला लागतं, मधली तार कशालाच लागत नाही.

आता माझी गोष्ट. मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. नेवार्क विमानतळाची टॉवर फ्रीक्वेन्सी 118.3 मेगाहर्ट्झ, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत बसलं की उतरणाऱ्या विमानांचे पायलट स्वच्छ ऐकू येतात. टॉवर स्वतः येत नाही, तो जमिनीलगत आणि लांब. पण विमान वर असतं, त्याला कोण अडवणार! माझ्याकडे तेव्हा आर6 होता, त्याला लांब ओढायचा काडीचा अँटेना, 60 सेंटिमीटरवर खूण केलेला. आई पहिल्यांदाच एकटी येत होती. माझा बेत ठरलेला: मुंबईचं विमान टॉवरशी बोललं की निघायचं. तिला इमिग्रेशन आणि बॅगा यांत तासभर जातोच, मला पोचायला अर्धा तास.

आदल्या रात्री साडूभाऊ जेवायला होते. ऑफिसांमधून वायफाय बसवून देणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे अँटेना या विषयावर शेवटचा शब्द त्यांचाच, आणि अँटेनाची ताकद ते डीबीआयमध्ये मोजतात. माझी काडी पडद्यात अडकतेय हे बघून ते खाली गाडीत गेले आणि एक काळा, कोपरात दुमडणारा अँटेना घेऊन आले. "साडूभाऊ, नऊ डीबीआय आहे. तुमच्या त्या काडीत काय आहे?" असं म्हणत फिरवून बसवलासुद्धा. मी म्हटलं, हा वायफायचा, आपली फ्रीक्वेन्सी वेगळी. त्यावर ठेवणीतलं उत्तर: "आटे बसले ना? मग झालं." तेवढ्यात एक विमान अगदी डोक्यावरून गेलं आणि पायलटचे चार शब्द उमटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणं झालेली, बायकोची नजर माझ्यावर. मी गप्प बसलो. तीच माझी चूक.

पहाटे साडेचारला खिडकीत बसलो. काही नाही. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, पूर्ण उघडला, नुसती सर्र. मला वाटलं विमान उशिरा आहे. फोनवर बघायला हवं होतं, मान्य. पण छंद असलेल्या माणसाला स्वतःच्या यंत्रापेक्षा फोनवर विश्वास ठेवायला सांगून बघा. पाऊण तासाने सहज हवामानाचं 162.550 लावलं. न्यूयॉर्कचं ते स्टेशन चोवीस तास बोलत असतं आणि माझ्या खिडकीत एरवी खणखणीत लागतं. त्या दिवशी विहिरीच्या तळातून कुणी कुजबुजावं तसं येत होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अँटेना काढून मोबाइलच्या उजेडात आत बघितलं: पिनेच्या जागी सोनेरी कडेचं इवलंसं भोक. काडी परत लावली, आणि पहिल्या पाच मिनिटांत चार विमानं बोलली. त्यांतलं एकही मुंबईचं नव्हतं, कारण मुंबईचं कधीच उतरलं होतं. आई टर्मिनल बीच्या बाहेर दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन पन्नास मिनिटं उभी होती.

साडूभाऊंचं म्हणणं आजही असं की त्यांचा अँटेना चालत होता, कारण टाळ्या वाजल्या होत्या. डोक्यावरून जाणारं विमान एवढं जोरात असतं की तारेला तार न लागताही भोकाच्या फटीतून थोडं झिरपतं. त्याला चालणं म्हणत नाहीत. आणि ते नऊ डीबीआय असतात 2.4 गिगाहर्ट्झला. विमानांच्या पट्ट्यात, म्हणजे 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये, तो अँटेना म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी. काडीच्या लांबीचा हिशोब सोपा आहे: 7500 भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर सेंटिमीटरमध्ये. 125 ला 60 येतात. राउटरला 3 पुरतात. एवढं गणित करायला नेटवर्किंगचं सर्टिफिकेट लागत नाही.

अ‍ॅडॅप्टरबद्दल विचारलंय. एसएमएवरून बीएनसी करणारा घ्या आणि एकदा लावला की काढू नका. एसएमए रोज काढघाल करण्यासाठी बनलेलाच नाही, साधारण 500 वेळांचा हिशोब धरतात. बुडाला रुंद, स्कॅनरच्या अंगावर टेकणारा मिळाला तर तोच घ्या. नाहीतर लांब अँटेनाची तरफ होते आणि आतल्या बोर्डावरचा जोड सुटतो. जड अँटेना असेल तर वीतभर पातळ केबल मध्ये घाला, म्हणजे वजन सॉकेटवर येत नाही. पकड-पाना लावू नका, बोटांनी घट्ट तेवढं पुरे. अ‍ॅडॅप्टरवर अ‍ॅडॅप्टर अशी आगगाडी करणाऱ्यांशी मी बोलत नाही. राउटरच्या अँटेनासाठी आरपीवरून साधा एसएमए करणारा अ‍ॅडॅप्टरही मिळतो. त्याने तार तारेला लागेल, पण 3 सेंटिमीटरच्या काडीला तार लागून उपयोग काय?

केबल 50 ओहमची (रेडिओची) की 75 ची (टीव्हीची) यावर झोप घालवू नका. नुसतं ऐकायचं असेल तर या फरकाने पाव डेसिबेलसुद्धा जात नाही, टीव्हीची केबल खुशाल वापरा. हे फक्त ऐकण्यापुरतं बरं का. बोलायचा सेट असेल तर मी काही बोललो नाही असं समजा.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. भारतात साधा रेडिओ-टीव्ही आणि सूट दिलेली यंत्रं सोडली तर वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगण्यावरही 1933 च्या कायद्यापासून परवान्याचं बंधन आहे, तेव्हा कुणी पाहुण्याने आणून दिलं म्हणून वापरू नका. इथेही राज्याराज्यांत फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी पकडणारा सेट परवान्याशिवाय गाडीत ठेवता येत नाही.

मॉडेल नंबर आणि सॉकेटचा फोटो टाका, अगदी समोरून काढलेला, तिरपा नको. मध्ये पिन आहे की भोक ते दिसलं पाहिजे. त्या काळ्या अँटेनाचा तसा फोटो मी 2016 मध्येच काढून साडूभाऊंना पाठवला होता. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून आलेलं नाही.