म्युनिकला शिकणारे आम्ही आठ मित्र स्कीइंग ट्रिप स्वतःच आखतोय. दोघं तरबेज, तिघांना थोडंफार येतं, तिघं अगदी नवखे. सगळ्यांना दिवसभर एकत्र स्की करायचंय. कसं जमवावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की सगळ्यांना "दिवसभर एकत्र" स्की करायचंय. ते आधी डोक्यातून काढून टाका. एकत्र जा, एकत्र राहा, एकत्र जेवा. स्की मात्र ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे करा. मीही म्युनिकलाच मास्टर्स केलं आणि अशाच सरमिसळ टोळक्याबरोबर ऑस्ट्रियातल्या टिरोलला जात आलोय. ट्रिप बिघडते ती थंडीने किंवा पैशाने नाही, "अरे चल ना वर, मी आहे ना" या वाक्याने.

तरबेज मित्र नवख्याला पहिल्याच सकाळी वर घेऊन जातो. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमधून सोपा वाटलेला उतार माथ्यावर उभं राहिलं की वेगळाच दिसतो. नवखा पहिल्याच वळणावर बसकण मारतो. मित्र दहा मीटर खाली उभा राहून "वजन पुढे टाक, पुढे!" असं ओरडतो, आणि ज्याचे पाय लटपटतायत त्याचं वजन हमखास मागेच जातं. अर्ध्या तासात दोघांची बोलचाल बंद. जोडपं असेल तर विचारूच नका. स्की येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, त्यामुळे नवख्या तिघांना पहिले दोन दिवस तरी स्की स्कूलच्या ग्रुप कोर्सला घाला. पैसे वाचवायचे असतील तर राहण्यावर वाचवा, इथे नको. हे कोर्स बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, तेव्हा तारखा ठरवण्याआधीच ते बघून घ्या.

"थोडंफार येतं" म्हणणाऱ्या तिघांची मला जास्त काळजी वाटते. सोलंगला भाड्याचे स्की घालून फोटो काढला होता, त्यालाही काही जण "येतं" म्हणतात. साधी कसोटी लावा: निळ्या, म्हणजे सोप्या उतारावर, मनात येईल तिथे थांबता येतं का? नसेल तर त्यांनाही कोर्सला पाठवा, लाजू नका. आणि कुणी फ्रान्समध्ये शिकलं असेल तर लक्षात ठेवा, तिथला सगळ्यात सोपा हिरवा उतार ऑस्ट्रियात नसतोच. इथे निळ्यापासून सुरुवात, मग लाल, मग काळा.

आता जागा. इथेच निम्मी ट्रिप ठरते. तुमचे दोघे तरबेज टिरोलमधल्या मायरहोफेन गावाचं नाव काढतील, कारण तिथे पेंकेन डोंगरावर ७८ टक्के चढाचा 'हाराकिरी' नावाचा उतार आहे. जागा झकास, पण तिथला सोपा डोंगर आहोर्न, आणि आहोर्न व पेंकेन स्कीने जोडलेले नाहीत. दुपारी भेटायचं तर एका डोंगरावरून खाली या, गाव ओलांडा, दुसऱ्या गोंडोलाने (बंद डब्यांच्या रोपवेने) वर जा. दोन दिवसांत दोन वेगळ्या ट्रिपा होतात आणि संध्याकाळी कुणाकडेच एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं.

मी तुमच्या जागी असतो तर टिरोलमधलंच स्कीवेल्ट विल्डर कायझर-ब्रिक्सेनटाल निवडलं असतं. ज्योल, एलमाऊ, शेफाऊ, हॉपफगार्टेन, ब्रिक्सेन अशी गावं तिथे लिफ्टने एकमेकांना जोडलेली आहेत, आणि निळे-लाल उतार भरपूर. ब्रिक्सेन इम ताले हे गाव तर रेल्वेवरच आहे: म्युनिकहून कुफस्टाइन, पुढे वोर्गल, तिथे गाडी बदलायची. कुफस्टाइनपर्यंत तुमचं डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) चालतं, पुढचं तिकीट तेवढं काढायचं. गावातून गोंडोला वर डोंगरावरच्या होखब्रिक्सेनला जाते. पायात स्की नसले तरी तिथे जाता येतं, वर रेस्टॉरंट आहे, आणि बाकीच्या गावांकडून स्की करत येणारेही तिथे पोहोचू शकतात. साडेबाराला तिथे भेटायचं असं ठरवून टाका. जेवण झालं की तरबेजांपैकी एकाने तासभर मधल्या तिघांबरोबर निळ्या उतारावर फिरावं, दुसऱ्याने आपल्या वाटेने जावं. दुसऱ्या दिवशी पाळी बदला. एवढा करार आधीच केला की कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही.

तरबेजांना एक तंबी द्या. लिफ्टा साधारण चारच्या सुमारास बंद होतात. दोन गावं पलीकडे गेल्यावर शेवटची जोडणारी लिफ्ट चुकली, तर टॅक्सीचं बिल त्यांचं, सामायिक खात्यातून नाही.

तारखेचं म्हणाल तर परीक्षा संपून फेब्रुवारीच्या मध्यात मोकळे झालात की नेमक्या तेव्हाच आसपासच्या देशांतल्या शाळांना सुट्ट्या, आणि भाव आभाळाला भिडलेले. मार्चचा पहिला पंधरवडा परवडतो. पण स्कीवेल्ट उंचीने बेताचं आहे, तिथल्या होहे साल्वे डोंगराचा माथाच १,८२९ मीटर. ऊन पडलं की खालच्या भागात दुपारनंतर बर्फाचा चिखल होतो. मार्चमध्ये सकाळी लवकर बाहेर पडा. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि ढगाळ दिवशीही नाक सोलून निघतं.

सामान भाड्याने घ्या, विकत काहीही नको. दुकानात वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतात. त्यावरून पडल्यावर बूट स्कीपासून किती जोरावर सुटावा हे बसवलं जातं. तिथे फुशारकी मारली तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बूट घालताना मोजे एकच जोडी, पातळ. आपली मंडळी थंडीच्या धास्तीने दोन-दोन जोड्या चढवतात आणि मग रक्त अडून बोटं आणखी गार पडतात. टाच मागे घट्ट बसायला हवी आणि गुडघा किंचित वाकवला की नडगी बुटाच्या जिभेला टेकायला हवी. जीन्स घालून कुणी आलं तर परत पाठवा.

नवख्यांना टी आकाराच्या दांड्याच्या लिफ्टबद्दल आधीच सांगून ठेवा: त्यावर बसायचं नसतं. दांडा मागे टेकू द्यायचा, पाय सरळ ठेवायचे आणि तो ढकलेल तसं जायचं. बसलात की पडलात, आणि मागची रांग बघत असते.

विम्यात कंजूषी नको. जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड असतं, ते ऑस्ट्रियात चालतं. पण स्कीच्या गावांत खाजगी डॉक्टर बरेच असतात आणि डोंगरावरून उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरचं बिल त्यात बसत नाही. ते काही हजार युरोंत जाऊ शकतं. एक तर बचावखर्च धरणारा प्रवास विमा घ्या, नाहीतर जर्मन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व, त्यात डोंगरातल्या बचावाचा खर्च येतो. ऑस्ट्रियात डोंगरातल्या अपघातासाठी १४० नंबर आहे. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढून तपासतात. गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, हे आधी पाहा.

पैशांचं: घर आणि किराणा आठांत समान. लिफ्टचे पास, कोर्स, भाड्याचे स्की ज्याचे त्याने. नवख्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण पास काढू नये. बऱ्याच गावांत सरावाच्या लिफ्टांचं वेगळं स्वस्त तिकीट मिळतं. घराच्या भाड्यात शेवटची साफसफाई आणि माणशी रात्रीचा स्थानिक कर धरलाय का, ते बुकिंगआधी लेखी विचारा. ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या खात्यात सगळ्यांचे पैसे आधी जमा व्हायला हवेत. "नंतर देतो" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

ऑस्ट्रियात सुपरमार्केट शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत बंद होतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. शनिवारी पोहोचणार असाल तर तांदूळ, डाळ, पोहे, मसाला म्युनिकहूनच न्या. वर रेस्टॉरंटमध्ये शाकाहाऱ्यांना केझश्पेत्सले (चीज घातलेल्या मऊ नूडल्स) मिळतं, पण रोज चीज खाऊन तिसऱ्या दिवशी सगळेच खिचडी मागतात. कुकर न्याच, आणि पहिल्या शिट्टीच्या आधी घरमालकिणीला कल्पना द्या.