कार्बन डायऑक्साइडचं इंधन करताना वीज कुठे जाते?

तुम्ही विचारलंय, धुराड्यातून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा विजेने इंधन वायू केला, तर घातलेली वीज परत मिळते का? पूर्ण कधीच मिळत नाही. हे काम करणारं, विजेने वायूची रासायनिक क्रिया घडवणारं उपकरण म्हणजे सेल. मी काही वर्षं अशा सेलवर काम केलंय, म्हणून आकड्यांतच सांगतो.

या सेलमधून मिळणारा इंधन वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तो एक किलो जाळला की साधारण 2.8 युनिट ऊर्जा मिळते. तो बनवायला कागदावर 1.33 व्होल्ट पुरतात, पण सेल 3 व्होल्टच्या आसपास चालला तर किलोमागे 5.7 युनिट जातात, तेही एकसुद्धा इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरून. म्हणजे जेमतेम निम्मी ऊर्जा हाती लागते.

पण बहुतेक लोक फक्त सेलचा हिशोब मांडतात. त्याआधी धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (तो वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात पकडलेला असतो. तो सोडवायला द्रावण सुमारे 120 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि वायूच्या टनामागे 3 ते 4 गिगाज्यूल उष्णता खर्च होते (एक गिगाज्यूल म्हणजे सुमारे 278 युनिट). एवढं करून शुद्ध वायू सेलमध्ये सोडावा, तर नेहमीच्या ऋणायन पडद्याच्या (फक्त ऋण आयन पलीकडे जाऊ देणाऱ्या पडद्याच्या) सेलमध्ये एका रेणूचा मोनॉक्साइड होईपर्यंत दुसरा कार्बोनेट होऊन पडद्यापलीकडे निघून जातो. सेल उघडला की इलेक्ट्रोडच्या पाठीवर पांढरा, बोटाला मिठासारखा खरखरीत लागणारा थर दिसायचा. ते पोटॅशियम बायकार्बोनेट. त्याने छिद्रं बुजली की वायू इलेक्ट्रोडवरच्या चांदीपर्यंत, म्हणजे जिथे मोनॉक्साइड बनतो तिथे, पोचत नाही आणि सेल नुसता हायड्रोजन देऊ लागतो.

म्हणून मला आशा वाटते ती वायू सोडवायच्या भानगडीतच न पडण्यात. तो पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात पकडायचा आणि तयार झालेलं बायकार्बोनेटचं द्रावण तसंच सेलमध्ये घालायचं. या सेलमध्ये द्विध्रुवी पडदा, म्हणजे दोन प्रकारचे पडदे जोडून केलेला पडदा, असतो. तो पाण्याचे आयन वेगळे करतो. त्यातले प्रोटॉन (हायड्रोजनचे धन आयन) बायकार्बोनेटला भिडले की कार्बन डायऑक्साइड इलेक्ट्रोडच्या अगदी तोंडाशी सुटतो, आणि द्रावण पुन्हा पकडायला मोकळं होतं. तापवणं वाचतं. फुकट मात्र नाही. तो पडदा स्वतःच 0.8 व्होल्टच्या वर खातो.

चांदीऐवजी तांब्याच्या इलेक्ट्रोडवर मिथेनही बनतो, पण रेणूमागे 8 इलेक्ट्रॉन लागतात आणि सोबत इतर चार पदार्थ येतात. मी मोनॉक्साइडवरच थांबेन. त्यात हायड्रोजन मिसळला की सिनगॅस झाला, पुढचं द्रव इंधन त्यातून करता येतं.

वीज कोळशाची असेल तर हे करूच नये. किलोभर मोनॉक्साइडला दीड किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि त्यासाठीची 5.7 युनिट वीज बनवताना कोळशातून पाच किलो बाहेर पडतो.