कायदा प्रवासी गाडीच्या बाजूने, तरी साइडिंगला तीच का थांबते?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन शिकागोहून कॅलिफोर्निया झेफर या गाडीने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला जायचं आहे, पोचल्याच्या रात्रीच सॅन फ्रान्सिस्कोहून विमान आहे. कायद्याने प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी सोडायचं असतं, मग उशीर होतो कसा? विमानाचं आधी सांगतो: त्या रात्रीचं तिकीट बदला. आता कारण.

झेफर चालवणारी अॅमट्रॅक ही अमेरिकेची सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी १ मे १९७१ ला सुरू झाली. त्याआधी रेल्वे कंपन्या स्वतःच प्रवासी गाड्या चालवत आणि त्यात पैसे घालवत. सरकारने ते ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरवलं, बदल्यात त्यांनी अॅमट्रॅकला आपले रूळ वापरू द्यायचे, असा तो व्यवहार होता. १९७३ मध्ये प्राधान्याचा कायदाही झाला. पण तो मोडला म्हणून अॅमट्रॅक स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही, न्याय खात्यालाच जावं लागतं. ते गेलं १९७९ मध्ये सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीविरुद्ध, आणि त्यानंतर थेट जुलै २०२४ मध्ये नॉरफोक सदर्नविरुद्ध. त्या कंपनीच्या ताब्यातल्या मार्गावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या अॅमट्रॅकच्या क्रेसेंट गाड्यांपैकी २०२३ साली जेमतेम २४ टक्के वेळेवर पोचल्या, असं सरकारने त्या दाव्यात म्हटलं होतं. पन्नास वर्षांत दोन दावे. एवढ्याने कुणाला धाक बसणार?

तरी माझ्या मते कायद्यापेक्षा मोठी अडचण लांबीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पश्चिमेकडे बराच मार्ग एकेरी आहे. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीने साइडिंगला, म्हणजे आपल्याकडच्या लूप लाइनला, शिरायचं. जुन्या साइडिंग्ज साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या, त्या काळच्या मालगाड्यांच्या मापाच्या. आता मालगाड्या दहा हजार फुटांच्याही पुढे जातात. गाडी लांब केली तरी चालवायला माणसं तेवढीच लागतात, म्हणून कंपन्यांनी गाड्या कमी केल्या आणि लांबी वाढवली. झेफर हजार फुटांच्या आतबाहेर. मालगाडी साइडिंगमध्ये मावतच नसेल तर डिस्पॅचरची, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणाऱ्या नियंत्रकाची, कितीही इच्छा असो, बाजूला प्रवासी गाडीलाच घ्यावं लागतं. कायद्यात प्राधान्य लिहिलंय, पण न मावणारी गाडी बनवू नका असं कुणी सांगितलेलं नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लांबच्या प्रवासात मी छोटा रेडिओ स्कॅनर जवळ ठेवतो. रुळांच्या कडेला तपासणी यंत्रं असतात, गाडी वरून गेली की ती रेडिओवर आपोआप बोलतात: दोष नाही, एकूण अॅक्सल इतके. एका संध्याकाळी आमची गाडी ओसाड माळावर साइडिंगला उभी होती. पंचवीसेक मिनिटं झाली, समोर काहीच नाही. मग स्कॅनरवर आवाज आला, अॅक्सल सहाशे बारा. मी वहीत हिशोब मांडला: चार इंजिनांचे चोवीस सोडले, उरलेल्यांना चारने भागलं, एकशे सत्तेचाळीस वाघिणी. वाघिणीला साठ फूट धरले तरी इंजिनांसकट नऊ हजार फुटांच्या वर. आणखी बारा-तेरा मिनिटांनी दिवा दिसला. पुढची दोन इंजिनं गेली, मग टाक्या, बंद वाघिणी, लाकडाचे ओंडके, मध्येच आणखी दोन इंजिनं, पुन्हा वाघिणी. आमचा डबा हलत होता. सगळी गाडी निघून जायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मुद्दा हाच. गाडी जाते तीन मिनिटांत, पण आपण थांबतो चाळीस मिनिटं. कारण ती अजून कित्येक मैल लांब असते, आणि मधल्या साइडिंग्जमध्ये आधीच कुणी उभं असलं तर डिस्पॅचरला आपल्याला अलीकडेच रोखावं लागतं. तो डिस्पॅचरही मालवाहू कंपनीचाच. झेफरचा डेन्व्हरपर्यंतचा मार्ग बीएनएसएफचा, पुढचा युनियन पॅसिफिकचा. एकाचं नियंत्रण फोर्ट वर्थमधून, दुसऱ्याचं ओमाहामधून.

समोरून येणारी मालगाडी तरी एकदाची निघून जाते. जास्त त्रास पुढे चालणारीचा. ती साइडिंगमध्ये मावत नाही, मग तिला ओलांडायचं कुठे? ताशी ७९ मैलांनी जाऊ शकणारी गाडी तिच्या मागे पस्तीस-चाळीसने रखडत राहते. त्यात कर्मचाऱ्यांना कायद्याने सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. मालगाडीवाल्यांचे तास वाटेतच संपले तर बदली माणसं मोटारीने येईपर्यंत ती जागेवर उभी. आणि एकदा आपली ठरलेली वेळ हुकली की पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगचं गणित नव्याने मांडावं लागतं. म्हणून सकाळचा अर्धा तास रात्रीपर्यंत तीन तास होतो.

उन्हाळ्यात तापलेल्या रुळांवरची वेगमर्यादा, बर्फ, दरड हे वेगळंच.

आता तुमच्यापुरतं. वेळापत्रकात मोठ्या स्थानकांच्या आधी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे डेन्व्हरला दोन तास उशीर दिसला तरी एमरीव्हिलला तो भरून निघू शकतो, वाढूही शकतो. २,४३८ मैलांचा, दोन दिवसांहून जास्त वेळाचा प्रवास आहे. अॅमट्रॅकच्याच पुढच्या गाडीने जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच आरक्षणात घ्या. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर पुढची सोय ते करतात. वेगळं काढलेलं विमानाचं तिकीट त्यात येत नाही.

आई-बाबांची औषधं तिसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत पुरतील एवढी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको. एमरीव्हिल किंवा सॅन फ्रान्सिस्कोला एक रात्र मुक्काम करा आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या. शिकागोहून निघताना तारीख पक्की झाली की इथे सांगा, कुठल्या बाजूच्या खिडक्या घ्यायच्या तेही लिहितो. कोलोरॅडो नदीच्या काठचा पट्टा त्या दोघांनी उजेडात बघावा असं मनापासून वाटतं.