मोठ्या एअरलाईनची स्वस्त धाकटी कंपनी नक्की कुणासाठी?

यावेळी प्रश्न सगळे विमानाचेच निवडलेत, कारण आलेत पण तेच जास्त. मे महिना आणि गणपती, दोन्हीच्या तिकिटांचा घोर सगळ्यांना आत्तापासूनच लागलेला दिसतोय.

प्रश्न : काका, मोठी एअरलाईन स्वतःचीच दुसरी स्वस्त कंपनी काढते हे गणित मला काही कळत नाही. मालक तोच, विमानं तसलीच, पायलट पण तसलेच. मग आहे त्याच कंपनीत तिकीट कमी केलं तर बिघडलं कुठे? का नुसतं नाव बदलून गिऱ्हाईक फिरवतात? (एक वाचक, चिपळूण)

तिकीट उद्या सकाळी पण कमी करता येईल हो, पण खर्च कसा कमी करणार, तो तर तिथेच राहतो ना. जुन्या मोठ्या कंपनीत काय काय असतं बघा, चार-पाच जातींची विमानं, त्या प्रत्येकाचे पायलट वेगळे, इंजिनिअर वेगळे, स्पेअर पार्ट वेगळे, वर बिझनेस क्लास, लाऊंज, जेवण, एजंटचं कमिशन, एका विमानातून उतरलेला माणूस आणि त्याची बॅग दुसऱ्या विमानात नीट पोचवायची जबाबदारी, आणि वर्षानुवर्षं युनियनशी बोलून ठरलेले पगार नि ड्युटीचे नियम. ह्यातलं काहीच एका रात्रीत बदलत नाही. म्हणून मग वेगळी कंपनी काढायची, तिचं लायसन वेगळं, भरती नव्याने, करार नवे, आणि पहिल्या दिवसापासून काटकसरीची सवय.

ही काटकसर म्हणजे फक्त सँडविच विकत देणं नव्हे. खरा पैसा सीटमध्ये आणि वेळेत असतो. एअरबस ए३२० मध्ये पुढे बिझनेस क्लास ठेवला की साधारण १५० ते १६५ सीट बसतात, तेच विमान सगळं इकॉनॉमी केलं की १८० ते १८६. इंधन जवळपास तेवढंच जळतं, पायलट दोनच लागतात, म्हणजे जास्तीच्या वीस-पंचवीस तिकिटांचे पैसे जवळजवळ वरचेच. दुसरं म्हणजे विमान जमिनीवर उभं असेल तेव्हा ते एक रुपया कमवत नाही आणि त्याचं भाडं मात्र चालूच असतं, म्हणून ही मंडळी अर्ध्या तासात माणसं उतरवून, झाडून, नवीन माणसं भरून परत उडवतात आणि तसं करत करत दिवसाला एखादी फेरी जास्त काढतात. अमेरिकेतल्या साऊथवेस्टने हे १९७१ पासून एकाच जातीच्या बोईंग ७३७ वर करून दाखवलं, आपल्याकडे इंडिगोने २००६ मध्ये ए३२० घेऊन तेच केलं.

पण तुमच्या प्रश्नातला "गिऱ्हाईक फिरवतात का" हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण घोडं तिथेच अडतं. समजा मालवणात चांगल्या चाललेल्या खानावळवाल्याने स्वतःच्याच दारात वडापावची गाडी लावली, तर रस्त्यावरची नवी माणसं येतील हे खरं, पण आत थाळीला बसणाऱ्यातले चार जण पण म्हणतील की आज वडापावच खाऊ. मोठ्या एअरलाईनला भीती ह्याचीच. मग ती धाकटीला सांगते ह्या रूटवर जाऊ नको, त्या वेळेला उडू नको, तिकीट इतकं खाली नेऊ नको, आणि असं करत करत धाकटी स्वस्त पण राहत नाही आणि चांगली पण होत नाही. माझं स्पष्ट मत सांगतो, ह्या कंपन्या आपल्याला स्वस्तात फिरवायला निघतच नाहीत, बाहेरचा कुणीतरी स्वस्तवाला आपली माणसं पळवतोय हे दिसल्यावर निघतात. आपल्याला स्वस्त तिकीट मिळतं तो त्यातला जोडफायदा, आणि तो किती टिकेल हे आई त्या पोरीला किती मोकळं सोडते त्यावर.

प्रश्न : सर, मी रत्नागिरीला कॉमर्सला आहे, प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतलाय. अशा कंपन्या यशस्वी झाल्यात का? उदाहरणं हवीत. (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

जास्त बुडाल्याच. अमेरिकेत काँटिनेंटल लाईट १९९३ ला आली आणि १९९५ ला गेली, यूएस एअरवेजची मेट्रोजेट १९९८ ते २००१, डेल्टाने आधी डेल्टा एक्सप्रेस चालवून पाहिली, मग २००३ मध्ये साँग काढली आणि २००६ मध्ये ती पण परत पोटात घेतली, युनायटेडची टेड २००४ ला आली आणि २००९ ला संपली. बहुतेक ठिकाणी कारण एकच, विमानाचा रंग बदलला पण पायलट नि यंत्रणा आईचीच, मग खर्च उतरणार कुठून?

ब्रिटिश एअरवेजची गोष्ट तर प्रोजेक्टमध्ये घ्याच. १९९८ मध्ये त्यांनी लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून 'गो' नावाची स्वस्त कंपनी सुरू केली. इझीजेट ह्या दुसऱ्या स्वस्त कंपनीचे मालक स्टेलिओस तिच्या पहिल्याच फ्लाईटला तिकीट काढून, आपल्या कंपनीच्या नारिंगी रंगाच्या कपड्यातली माणसं घेऊन जाऊन बसले, प्रतिस्पर्ध्याच्या विमानात बसून स्वतःची जाहिरात! पुढे ब्रिटिश एअरवेजलाच वाटायला लागलं की ही आपलेच प्रवासी खातेय, म्हणून २००१ मध्ये साधारण ११ कोटी पाउंडला विकून टाकली आणि पुढच्याच वर्षी इझीजेटने ती ३७ कोटींच्या वर देऊन घेतली. म्हणजे पोरगी कर्तबगार निघाली म्हणूनच घराबाहेर गेली आणि जिला अडवायला जन्माला घातली तिच्याच घरात जाऊन पडली.

चाललेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातली जेटस्टार. तिथल्या मोठ्या क्वांटासने २००१ मध्ये इम्पल्स नावाची छोटी कंपनी घेतली होती, तिच्यावर २००४ मध्ये जेटस्टार उभी केली, ऑफिस क्वांटाससारखं सिडनीला न ठेवता मेलबर्नला ठेवलं, सुट्टीला जाणाऱ्यांचे रूट तिला दिले आणि ऑफिसच्या कामाने फिरणाऱ्यांचे रूट स्वतःकडे ठेवले. वाटणी स्पष्ट होती म्हणून टिकली. तरी तिचीच सिंगापूरची शाखा जेटस्टार एशिया जुलै २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा सगळं गोड गोड लिहू नकोस. सिंगापूर एअरलाईन्सची स्कूट २०१२ पासून चालू आहे, ती पण घे.

आपल्याकडचं उदाहरण जेट एअरवेजचं. २००७ मध्ये एअर सहारा १४५० कोटींना घेऊन जेटलाईट केली, मग २००९ मध्ये जेट कनेक्ट म्हणून तिसरंच काढलं, शेवटी तिकीट काढणाऱ्यालाच कळेना की जेवण मिळणार का नाही. किंगफिशरने कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन घेऊन २००८ मध्ये तिला किंगफिशर रेड केलं, २०११ मध्ये स्वस्तातलं काम बंद म्हणून जाहीर केलं आणि २०१२ मध्ये मोठी कंपनीच जमिनीवर आली. जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबली. फक्त स्वस्त धाकटीमुळे बुडाल्या असं मात्र लिहू नकोस हां, कर्ज, इंधन, बरीच कारणं होती, सर मार्क कापतील.

आणि एअर इंडिया एक्सप्रेस विसरू नकोस. २९ एप्रिल २००५ ला केरळातून सुरू झाली, आखातात कामाला जाणाऱ्या माणसांसाठी, सगळी बोईंग ७३७ च. सरकारी असून पण ती चालली कारण तिला ठरलेलं गिऱ्हाईक होतं आणि ते बिझनेस क्लासवालं नव्हतंच, मग आईचं खाणार काय? २०२२ मध्ये टाटांकडे आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्वीची एअरएशिया इंडिया तिच्यात विलीन झाली. आता तिच्याकडे बोईंग पण आहेत आणि एअरबस पण, म्हणजे एकाच जातीचं विमान हा पहिला नियम गेला. हे कसं निभावतात ते बघण्यासारखं आहे, मला थोडी शंकाच आहे.

प्रश्न : भाई, माझा मुलगा दुबईला असतो. तिकीट मोठ्या कंपनीच्या नावावर काढलं आणि विमान निघालं तिच्या स्वस्त कंपनीचं, जेवण नाही, पाणी पण विकत. ही फसवणूक नाही का? आणि स्वस्तवाल्यांना उशिराचे वगैरे नियम लागतात का नाही? (एक वडील, खेड)

राग बरोबर आहे तुमचा, पण कायद्याने ती फसवणूक ठरणं कठीण. तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं, म्हणजे विकतो एक आणि उडवतो दुसरा, ते पैसे भरायच्या आधी बघायचं. बुकिंग करून देणारा पोरगा ते कधी वाचून दाखवत नाही, त्याला विचारायचं थेट, विमान कुणाचं, बॅग किती किलो, जेवण आहे का. सामानाचं तर नक्की विचारा, आखातातून येणाऱ्याचं खरं बजेट तिकिटात नसतं, जास्तीच्या किलोत असतं. नुसतं केबिन बॅगेचं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून काढलं आणि काउंटरवर बॅगेचे पैसे भरले तर मोठ्या कंपनीचंच स्वस्त पडलं असतं असं होतं बरेचदा.

नियम मात्र दोघींना सारखेच. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात स्वस्त आणि महाग असा भेद नाही. कन्फर्म तिकीट हातात असून जागा नाही म्हणून ठेवून दिलं आणि एका तासाच्या आत दुसरं विमान नाही दिलं तर भरपाई आहे. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला, म्हणजे मुंबई-दुबईसारख्या, तीन तासांच्या वर उशीर होणार असेल तर थांबलेल्या माणसाला खाणंपिणं द्यायला लागतं. काउंटरवर हे शांतपणे मागायचं, दिलं नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकायची, बोर्डिंग पासचा फोटो जपून ठेवायचा.

आणि एक, खेडवाल्यांना आता दर वेळी सहारलाच जायची गरज नाही. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालं, पहिल्याच दिवसापासून तिथे इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा अशीच मंडळी आहेत. हायवेने पनवेलला आलात की पुढचं मुंबईचं ट्रॅफिक वाचलं. तिकीट काढताना तुमची फेरी तिथून आहे का ते बघा, असेल तर दोन्ही विमानतळांचे दर बघत जा.

प्रश्न : ह्या सगळा वाचून आमका काय मेळतला? चिपीक इमान परत धड कधी येतला ता सांगा आधी, बाकीचा रवांदे. (एक वाचक, परुळे)

तुमचो प्रश्न सगळ्यात खरो आसा. चिपीचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातला विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि मुंबईहून अलायन्स एअर आली, गंमत बघा, ती पण एका मोठ्या कंपनीची धाकटीच, १९९६ मध्ये इंडियन एअरलाईन्सने काढलेली, आणि टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा सरकारकडेच राहिली. उडान योजनेत निम्म्या सीट ठरलेल्या स्वस्त दरात विकायच्या आणि तोट्याचा भाग सरकारने भरून द्यायचा, पण ते तीनच वर्षं. २०२४ मध्ये मुदत संपली आणि मुंबईची फेरी थांबली. त्याच वर्षी फ्लाय९१ ची लहान एटीआर विमानं चिपीला यायला लागली, ती छोटी स्वतंत्र कंपनी आहे, कुणाची धाकटी नाही.

मोठ्यांच्या स्वस्त कंपन्या चिपीला का येत नाहीत तर धावपट्टी कमी पडते म्हणून नाही, ती अडीच हजार मीटर आहे. त्यांच्याकडे १८० सीटचंच विमान असतं आणि ते रोज भरलं तरच त्यांचं गणित बसतं. आपल्याकडे गणपतीत, शिमग्यात नि मे महिन्यात दोन विमानं भरतील एवढी माणसं, आणि जुलैत मुसळधार पावसात कोण येतो? त्यात जवळच गोव्याचं मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झालं, तिथे ह्या सगळ्या कंपन्या उतरतात, सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला तर ते अगदी सोयीचं. त्यामुळे चिपीला ७०-७२ सीटची एटीआरच योग्य, आणि मागणी करायची तर बारमाही मुंबई फेरीची करा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा वेळेची, म्हणजे कोर्टाची, हॉस्पिटलची कामं असणारी माणसं पण बसतील. नुसत्या चाकरमान्यांच्या सीझनवर कुठलीच कंपनी टिकत नाही, स्वस्त असो नाहीतर महाग. तारीख विचारलीत, ती माझ्या हातात असती तर आजच दिली असती.

प्रश्न : विमानात नारळ-खोबरं नेता येतं का? मुलीकडे बंगळुरूला पाठवायचंय. (एक आजी, वेंगुर्ला)

सुकं खोबरं बॅगेत घालू नका आजी, तेल असतं त्यात, पेट घेण्याचा धोका म्हणून चेक-इन सामानात चालत नाही, काढून ठेवतात. आमसुलं, कुळथाचं पीठ, काजू बिनधास्त पाठवा, फक्त १५ किलोच्या आत बसवा. खोबरं बंगळुरूला पण मिळतं.