वृश्चिक रास आकाशात खरंच विंचवासारखी दिसते का, आणि ती शोधायची कशी?

हो, दिसते, आणि अगदी हुबेहूब! मेष राशीचे तारे बघून कुणाला मेंढा आठवत नाही, पण विंचू एकदा ओळखता आला की परत नकाशा उघडावा लागत नाही.

जून-जुलैमध्ये रात्री नऊ-दहाला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. एक लालसर तारा लगेच नजरेत भरेल, ती ज्येष्ठा, विंचवाचं काळीज. ग्रीकांनी तिला अंटारेस म्हणजे मंगळाची प्रतिस्पर्धी म्हटलं, कारण मंगळ शेजारी आला की रंगावरून कोण कुठला ते पटकन कळत नाही. तारा एवढा अवाढव्य आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. ज्येष्ठेच्या पश्चिमेला ओळीत तीन तारे आहेत, ती अनुराधा, विंचवाचं डोकं. त्यातला मधला तारा २००० साली अचानक उजळला, म्हणून मी दरवेळी आधी त्याची चमक शेजारच्यांशी ताडून बघतो. मग खाली शेपटीचा वळसा आणि टोकाला अगदी चिकटून दोन तारे, ती नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र.

ग्रीक गोष्ट अशी की ओरायन नावाच्या शिकाऱ्याने पृथ्वीवरचा एकेक प्राणी मारेन अशी बढाई मारली, तेव्हा पृथ्वीमातेने विंचू पाठवला आणि त्याच्या डंखाने तो मेला. ओरायन म्हणजे आपलं मृग. दोघं आकाशाच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत, मृग मावळायला लागलं की विंचू वर येतो, आणि हे डोळ्यांनी बघितलं की ती गोष्ट कुणाला का सुचली असेल ते आपोआप कळतं. पूर्वी तर विंचू अजून मोठा होता, आता तूळ राशीत असलेले दोन तारे त्याचे चिमटे होते, त्यांची अरबी नावं अजून तशीच आहेत.

बायनॉक्युलर असेल तर ज्येष्ठेच्या किंचित पश्चिमेला एम ४ (एम म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक) हा गोल तारकागुच्छ पुसट कापसासारखा दिसेल. पण खरी मजा नांगीजवळ आहे. तिच्या थोडं पूर्वेला नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो तो एम ७ हा तारकागुच्छ, प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याची नोंद केली होती. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हात हलत होते, कोपर भिंतीवर टेकवले आणि त्या धुराचे एकदम डझनभर टोकदार तारे झाले, दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तरी उरेल एवढी जागा व्यापलेले. तिथेच वरच्या बाजूला एम ६ आहे, फुलपाखरासारखा, तोही बघाच.

फक्त अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा, चंद्रप्रकाशात शेपटीचे तारे दिसतील पण हे गुच्छ पार फिके पडतात.