शिट्टी मारली, वाजवली, दिली की झाली?

प्रश्न : नात पुण्याहून सुट्टीत आली तर मला म्हणे, आजी, पक्षी शिट्टी नाही मारत, शीळ घालतो. दोन्ही एकच ना? आणि इंग्रजीतल्या व्हिसलब्लोअरला, म्हणजे स्वतःच्याच कचेरीतला घोटाळा उघड करणाऱ्याला, आपल्या पेपरात 'जागल्या' लिहितात, त्यात शिट्टी कुठे गेली? – एक आजी, यावल

उत्तर : आजी, नात बरोबर आहे पण तुम्हीपण काही फार चुकल्या नाहीत. शीळ म्हणजे नुसत्या ओठांनी काढलेला सूर, तो 'घालतात'. तुमच्या यावलच्या मागेच सातपुडा आहे, तिथला शीळकरी कस्तूर पावसाळ्यात एखादा माणूस आपल्याच तंद्रीत गुणगुणत चाललाय अशी लांब शीळ घालतो, नावातच आहे त्याच्या.

शिट्टीचं मात्र पुढच्या क्रियापदावरून कळतं. पीटीचे सर शिट्टी वाजवतात. नाक्यावरची टवाळ पोरं शिट्टी मारतात (मुलीला उद्देशून असेल तर न्याय संहितेचं कलम ७९ आहे बरं, त्यात नुसता आवाज काढणंसुद्धा येतं). तमाशात झकास लावणी झाली की शिट्ट्या पडतात. गाडी शिट्टी देते. आता भुसावळला वाफेची इंजिनं राहिली नाहीत, हॉर्न वाजतो, तरी आपण म्हणतो 'गाडीने शिटी दिली, पळ', आणि रेल्वेपण अजून तेच म्हणते, फाटकाच्या आधी रुळाकडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' असतं ना, ते म्हणजे सीटी, फाटक.

आणि कुकरची शिट्टी 'होते', ती कोणी करत नाही. पण आपण तिला घड्याळ समजतो तिथे घोळ होतो. आत वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, दाब जास्त झाला की वाफ वरचं वजन उचलून बाहेर पडते, बस तीच शिट्टी. मोठ्या गॅसवर भराभर होतात, डाळ मात्र कच्ची. आमच्याकडे पाहुणे बसलेले, बट्ट्या तळून तयार, बाहेरून सासूबाईंचा आवाज, 'शिट्ट्या होऊ राह्यल्या, बंद कर', मी पाचव्या शिट्टीला बंद केला आणि वरणात डाळ अख्खी! पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा.

राहिला जागल्या. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या, शेतात पिकाच्या राखणीला जातो ती जागल. चोर दिसला की त्याने ओरडून गाव उठवायचं, काम तेच, म्हणून शब्द चपखल बसला. शब्दाला शब्द ठेवून 'शिट्टीफुंक्या' केलं असतं तर वाचणाऱ्याला आधी पीटीचे सरच आठवले असते.