अर्धा किलो कुंदा का फेकलास गे?

"मावशी, मी उद्यमबागला एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे, सहा वर्षं झाली. मार्चमध्ये फुफ्फुसाचा टीबी निघाला. लपवायचं नाही म्हणून मीच साहेबांना सांगितलं. चार महिने बिनपगारी रजा काढली. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झालाय, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पण परत गेल्यापासून माझं टेबल स्टोअर रूमच्या दाराशी, सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आणि मला पेपर कप. डब्याला कुणी हाक मारत नाही. कोर्स संपला त्या दिवशी सगळ्यांसाठी गोड म्हणून अर्धा किलो कुंदा नेलेला, वॉचमन काकांनी तेवढा खाल्ला, उरलेला घरी आणून फेकून दिला. घरचे चांगले आहेत. लेक साडेचार वर्षांची आहे, आजीजवळ झोपते. नोकरी सोडू का?"
– एक वाचक, वडगाव

अगं, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळी कुंद्यापाशीच अडकले. टेबलाचं, पेपर कपाचं वाचून राग आला, येणारच. पण कुंदा घरी आणून फेकलास हे तू एका ओळीत उरकलंस. घरात साडेचार वर्षांची पोर आहे, आणि आपल्या बेळगावात कुंद्याचा बॉक्स घरात आला की पोरं चमचा घेऊनच येऊन बसतात. तिला का नाही दिलास? खराब झालेला? नाही, सकाळीच घेतलेला. तुझा हात लागलेला म्हणून फेकलास, होय की नाही? आणि ती आजीजवळ झोपते, ते पण मार्चपासूनच ना?

म्हणजे ऑफिसवाल्यांनी जे केलं तेच तू घरात स्वतःशी करायलीस, आणि लेकीशी पण. मला त्यांच्यापेक्षा याचा जास्त राग आलाय, खरं सांगते.

टीबी हवेतनं पसरतो गे, खोकल्यातनं. ताटवाटीतनं नाही, चहाच्या ग्लासातनं नाही, कुंद्यातनं तर नाहीच. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत पसरायचं जवळजवळ थांबतं, तू तर सहा महिने एक दिवस न चुकता गोळ्या घेतल्यास, लघवी केशरी झालेली बघून घाबरली पण असशील पहिल्यांदा. घरात टीबी निघाला की पाच वर्षांखालच्या पोरांना तपासून आधीच गोळ्या चालू करतात, तुझ्या लेकीला पण दिल्या असतील. आता तिला लांब ठेवायचं काय कारण राहिलंय? एक पण नाही.

माझ्या आईच्या काळात क्षय म्हटलं की माणसाला मिरजेकडं सॅनिटोरियमला नेऊन ठेवायचे. माझी एक आत्या तिथनं बरी होऊन आली आणि पुढं तीस वर्षं जगली, पण तिची पितळेची वाटी शेवटपर्यंत वेगळी, ओट्याखाली कोपऱ्यात पालथी. मला लहानपणी वाटायचं घरच्यांनीच तसं ठेवलंय. नंतर आई म्हणाली, आम्ही दोनदा वाटी वर मांडणीवर ठेवली, तिनंच परत खाली नेली. कुणाचं पोर मांडीवर आलं की ती उठून आत जायची. ते आठवलं की अजून पोटात कालवतं, म्हणून तुझ्यावर एवढी ओरडायला लागलेय.

ऑफिसातल्यांना मी काय चांगलं म्हणणार नाही, शिकलेली माणसं आहेत, एका डॉक्टरला विचारता आलं असतं. ते वॉचमन काका तेवढे शहाणे. पण पेपर कप हातात आल्यावर तू गप्प बसतेस ते साहेबांच्या भीतीनं नाही, तुला मनातनं त्यांचं खरं वाटतंय म्हणून. तोवर तू दुसरी नोकरी धरलीस तरी तिथं स्वतःच कोपऱ्यातलं टेबल बघून बसशील.

आणि पगारातनं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापतात का बघ. कापत असतील तर रजा बिनपगारी कशी झाली? सलग दोन वर्षं नोकरी झालेल्यांना टीबीसाठी ईएसआयमधनं पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ७३० दिवस मिळू शकतात. कागद घेऊन ईएसआय ऑफिसात जाऊन विचार, साहेबांना नको.

पण ते नंतर. आज ऑफिस सुटल्यावर परत अर्धा किलो कुंदा घे, घरी जाऊन लेकीला मांडीवर घे आणि दोघी एका चमच्यानं खावा. रात्री तिची उशी आजीच्या खोलीतनं उचलून तुझ्याजवळ आण. रडली, आजीच पाहिजे म्हणाली, तरी दोन-चार दिवस नेटानं जवळ घे, सवय तूच लावलीस, तूच मोडायची.

राजीनामा तोवर लिहायचा नाही. महिन्याभरानं मला परत पत्र टाक, चहा कशातनं प्यायलीस ते सांग, आणि लेक झोपेत लाथा मारते का ते पण कळव.